पट नवा, डाव जुना

कोयत्याचा दांडा दोनदा बदलला, पाते एकदा बदलले, तरी घरातली माणसे त्याला आजोबांचाच कोयता म्हणतात. आमच्या वडवणीच्या परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, आणि नवराबायकोच्या जोडीलाच आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काय चढते आणि घरी काय राहते, हे पाहिले की मनात येते: सहा महिने परगावच्या पाचटाच्या खोपीत राहणारा हा संसार तोच असतो का? भांडी तीच, माणसे तीच, जागा मात्र नवी. सगळे बदलत असताना जे ‘तेच’ राहते, ते नेमके कशात असते?

हा प्रश्न जुना आहे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय सुरू केले त्याला पुढे ज्याचे नाव मिळाले, त्या मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने हेच कोडे घातले होते. राजा रथातून आला होता. नागसेनाने त्याला विचारले की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. आणि राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. मग रथ आहे तरी कुठे? भागांच्या जुळणीला आपण दिलेले ते नाव आहे, असा त्या संवादाचा रोख. हे उत्तर बुद्धीला पटते. पण आजोबांचा कोयता हातात घेतलेल्या माणसाचे समाधान त्याने होत नाही.

वाचकहो, या जुन्या कोड्यासाठी मी आज एक नवे आणि काहीसे पोरकट वाटेल असे उदाहरण घेणार आहे. ते संगणकावरच्या खेळाचे आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, कादंबऱ्या लिहितो, आणि माझे शिक्षण मॅट्रिकपुरते आहे. यंत्रशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. परंतु या एका बाबतीत यंत्राने मला तत्त्वज्ञानाच्या दारात नेऊन उभे केले, एवढे खरे.

१९९३ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील इड सॉफ्टवेअर या छोट्या मंडळीने ‘डूम’ नावाचा खेळ काढला. खेळणारा पडद्यावर स्वतः दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेच पडद्यावर दिसते. अंधारे बोळ, उघडझाप करणारी दारे, पलीकडून येणारे राक्षस. खेळ हिंसक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. तो दोन निराळ्या भागांत बांधला होता. एक भाग इंजिनाचा: हालचाल कशी मोजायची, भिंत कशी काढायची, गोळी कुठे लागली हे कसे ठरवायचे. दुसरा भाग सामग्रीचा: नकाशे, चित्रे, आवाज, संगीत. ही सगळी सामग्री ‘वॅड’ नावाच्या एका फाइलीत गोळा केलेली असे. कीर्तनकार आणि कथा यांचे जे नाते, तेच या दोहोंचे. कथा तीच ठेवून कीर्तनकार बदलता येतो, आणि कीर्तनकार तोच ठेवून कथा.

आता घरातल्या मंडळींना समजेल असा एक दाखला देतो. चकलीची भाजणी दळून आणली की ते पीठ होते. तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडीद किती, धने-जिरे किती, आणि कोणते धान्य किती भाजले, हे पीठ पाहून सांगता येत नाही. चकल्या मात्र त्याच पिठाच्या करता येतात. संगणकाचा कार्यक्रम बाजारात येतो तो असा दळलेला. त्याचे प्रमाण ज्या कागदावर लिहिलेले असते, त्याला सोर्स कोड म्हणतात, आणि तो कागद कंपनी आपल्या कपाटात ठेवते. पीठ एका विशिष्ट चुलीसाठी दळलेले असते. चूल गेली की पीठही वाया जाते. डूम ज्या डॉस नावाच्या प्रणालीवर चालत असे, ती घराघरांतून केव्हाच हद्दपार झाली. नियमाने पाहता त्या खेळानेही मरायला हवे होते.

तो मेला नाही. २३ डिसेंबर १९९७ रोजी, खेळ अजून लोकांच्या आठवणीत ताजा असताना, इडचे प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी इंजिनाचा सोर्स कोड जगासाठी खुला केला. यातली एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. डॉसवरच्या खेळातला आवाजाचा भाग दुसऱ्या कोणाकडून परवान्यावर घेतलेला होता. तो देण्याचा अधिकार इडला नव्हता. म्हणून त्यांनी दिला तो लिनक्सवर चालणारा कोड. लिनक्स ही संगणकाची मोकळी कार्यप्रणाली. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहायला घेतला, आणि पुढे हजारो हातांनी ती वाढवली. जे आपले होते ते दिले आणि जे परक्याचे होते ते वगळले, या व्यवहारातली स्वच्छता मला फार आवडते. पुढे १९९९ साली तोच कोड जीपीएल या परवान्याखाली आला: घ्या, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल तर त्याचा कागदही तसाच मोकळा ठेवा. त्या कागदावरून नव्या यंत्रांसाठी ज्या आवृत्त्या झाल्या, त्यांना सोर्स पोर्ट म्हणतात. ‘पोर्ट’ म्हणजे इथे स्थलांतर. आमच्या टोळ्यांचे होते तसेच.

किल्ली देण्या-न देण्याचा हा प्रश्न मराठीला अपरिचित नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. हेतू जपणुकीचाच होता, आणि ग्रंथ टिकले हेही खरे. पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतला तेराव्या-चौदाव्या शतकांतला गद्याचा ठेवा शतकानुशतके दिसला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे दार किलकिले झाले. कुलपाने वस्तू सुरक्षित राहते यात शंका नाही. परंतु कुलपाला किल्ली ठाऊक असणारा माणूस लागतो, आणि माणूस मर्त्य असतो. संगणकाच्या क्षेत्रात तर असे कित्येक खेळ आहेत, ज्यांचा मूळ कागद खुद्द कंपनीलाच सापडत नाही. कुलूप शाबूत, कपाट मात्र रिकामे. अशा वेळी काही चिकाटीची माणसे पीठ चाखूनच प्रमाण शोधून काढतात. २००१ साली सुरू झालेला ‘स्कमव्हीएम’ हा प्रकल्प बराचसा असाच उभा राहिला.

आमच्या शाळेत काही जुने संगणक कपाटाच्या कडेला पडून होते. नवी विंडोज त्यांना पेलत नव्हती. त्यांवर लिनक्स चढवले आणि ते पुन्हा चालू लागले. त्यावर मी मुलांसाठी डूम ठेवलेला नाही. शिक्षकाने ते करू नये असे माझे मत आहे. मुलांसाठी आहे तो ‘ओपनटीटीडी’. ख्रिस सॉयर या स्कॉटिश गृहस्थांच्या दळणवळणाच्या खेळाला २००४ साली मिळालेला हा दुसरा जन्म. २०१० पासून त्याला मूळ खेळाची चित्रेही लागत नाहीत. लोकांनी स्वतः काढलेली मोकळी चित्रे त्यासोबत चालतात. मुले गावांना वडवणी, तेलगाव, सिरसाळा, परळी अशी नावे देतात आणि ज्या रेल्वेची जिल्ह्याने दशकानुदशके वाट पाहिली ती एका तासिकेत टाकून मोकळी होतात. डूम माझ्या घरच्या संगणकावर आहे, आणि तो तिथे का आहे, हेच मला सांगायचे आहे.

माझा एक मावसभाऊ होता. घरात त्याला बापू म्हणत. माजलगावला त्याने काही वर्षे संगणकाचा वर्ग चालवला. रात्री वर्ग बंद झाला की तो डूमचा पहिला भाग खेळत बसे. हा पहिला भाग, म्हणजे नऊ नकाशे, कंपनीने आपण होऊन फुकट वाटायला दिलेला होता. आवडला तर पुढचे दोन विकत घ्या, अशी ती पद्धत होती. बापू काही वेळा आपला डाव नोंदवून ठेवी. सहा वर्षांपूर्वी तो गेला. मावशीने त्याच्या सामानातल्या सीड्या माझ्याकडे दिल्या, आणि त्यांतल्या एकीवर त्या पहिल्या भागाची वॅड फाइल व बापूच्या डावाची एक नोंद निघाली. सात मिनिटांचा डाव. आकार साठ हजार बाइटांच्या आत. फोनवर काढलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते.

सात मिनिटे इतक्या थोड्या जागेत कशी मावली? कारण त्या नोंदीत चित्र नाही आणि आवाजही नाही. खेळ सेकंदाला ३५ पावले टाकतो, आणि प्रत्येक पावलाला खेळणाऱ्याने काय केले एवढेच चार बाइटांत लिहिले जाते: पुढे किती, बाजूला किती, किती वळला, कोणते बटण दाबले. बाकी सर्व इंजिनाने पुन्हा घडवायचे. राक्षस केव्हा वळेल, गोळी चुकेल की लागेल, हेही इंजिनच ठरवते. त्यासाठी त्याच्याजवळ २५६ आकड्यांचा एक ठरीव तक्ता आहे आणि तो ते आकडे ओळीने वाचत जाते. खेळणाऱ्याला जे दैव वाटते ते वस्तुतः आधीच लिहून ठेवलेले असते; त्यात नवे असते ते केवळ त्याच्या हाताचे वागणे. तेच हात पुन्हा दिले की तेच दैव पुन्हा उलगडते.

मात्र एका अटीवर. इंजिन हिशोब जसाच्या तसा करणारे हवे. मूळ इंजिनात दोष होते. एका दृश्यात जमीन-छताचे १२८ हून अधिक तुकडे आले की खेळ कोलमडून बंद पडे. काही हिशोब काटेकोर पाहता चुकीचे होते. नव्या पोर्टकारांपैकी अनेकांनी हे दोष काढून टाकले, मर्यादा उठवल्या, चित्र धारदार केले, नवा प्रकाश घातला. जीझेडडूम हे त्यांतले नामांकित नाव. खेळायला तो सुखद आहे, आणि त्याच्या पायावर लोकांनी नवनवे खेळही उभारले आहेत. पण बापूची नोंद त्याने आपली मानलीच नाही. आणि एखाद्या दुरुस्त इंजिनाने ती मानली असती, तरी हिशोबात एक आकडा इकडचा तिकडे झाला की सारा डाव सुटतो: राक्षस दुसरीकडे जातो, नोंदलेला हात मात्र मोकळ्या जागेवर गोळ्या झाडत राहतो आणि भिंतीला धडका देतो. दोष काढला की आठवण निखळते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली.

‘चॉकलेट डूम’ नावाचा दुसरा पोर्ट आहे. त्याच्या कर्त्यांचे व्रत निराळे. मूळ खेळ जसा होता तसाच, दोषांसकट ठेवायचा. जिथे तो कोलमडत असे तिथे कोलमडू द्यायचा. ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे जुने चित्र जुन्या पडद्याच्या प्रमाणात थोडे उभे ताणून दाखवायचे. ज्या साउंड कार्डची चिप आता कोणाच्या यंत्रात नाही, तिची नक्कल करून तेच किणकिणते संगीत वाजवायचे. डेबियन घराण्याच्या लिनक्सवर तो बसवायला एका ओळीची आज्ञा पुरते. मग वॅड फाइल ठरलेल्या फोल्डरात ठेवायची. लिनक्स इंग्रजी लिपीतल्या मोठ्या आणि लहान अक्षरांना निरनिराळी मानते, आणि डॉसच्या काळातल्या फाइलींची नावे सगळी मोठ्या अक्षरांत असतात. जुने खेळ बसवणाऱ्याची पहिली ठेच बहुधा इथेच लागते. ते एकदा पाहून घेतले की झाले.

नोंद सुरू झाली. दार उघडले, बोळ पुढे सरकू लागला. प्रत्येक दारापाशी एक पाऊल मागे यायची बापूची सवय होती. पडदा प्रत्येक दारापाशी एक पाऊल मागे येत होता. मावशी शेजारी बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “म्हंजी हे बापूच्या डोळ्यानं दिसायलंय का रं?”

मी म्हणालो, “होय, मावशी.”

या निबंधाचा खरा प्रश्न तो आहे. माझे ‘होय’ खरे होते का, की दुःखी बाईचे मन राखण्यासाठी म्हटलेले? संगणक नवा, प्रणाली नवी, इंजिन निराळ्या माणसांनी निराळ्या देशांत पुन्हा लिहिलेले. नागसेनाच्या रीतीने विचारावे तर चाक तेच नाही, आस तीच नाही. तरीही मी माझ्या उत्तरावर ठाम आहे. बापूने प्रत्येक क्षणी काय केले ते त्या साठ हजार बाइटांत होते, आणि त्या करण्याला जगाने जे उत्तर दिले होते तेच उत्तर देणारे जग चॉकलेट डूमच्या कर्त्यांनी शाबूत ठेवले होते. माणसाचे वागणे एकट्याने टिकत नाही; ज्या परिस्थितीला ते उत्तर होते ती परिस्थितीही टिकवावी लागते. थोरांची चरित्रे लिहिणारे हे विसरतात, आणि मग त्यांचा नायक रिकाम्या जागेवर गोळ्या झाडताना दिसतो.

यावर कोणी म्हणेल, की मग सुधारणा करूच नये काय? जुन्या घराला वीजही घेऊ नये? तसे मी म्हणत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या किती दगडी देवळांना भाविकांनी ऑइलपेंट फासला आणि गाभाऱ्यात फरश्या बसवल्या. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती, आणि देऊळ नांदते राहिले हे त्यांचेच श्रेय. जीझेडडूमकारांचे ऋण मी याच भावनेने मानतो. परंतु रंग एकदा दगडाला लागला की मूळ दगड पुन्हा दिसत नाही. मोकळ्या कागदाचे सामर्थ्य इथे आहे, की दोन्ही नांदू शकतात: एक रंगवलेले देऊळ आणि एक न रंगवलेले. ज्याला जे हवे त्याने त्यात जावे. कपाटबंद कागदाला हे जमत नाही. तिथे एकच देऊळ, आणि त्याचे काय करायचे हे मालकाच्या मर्जीवर.

आता मालकीचाही विचार केला पाहिजे, कारण इंजिन मोकळे असले तरी सामग्री मोकळी नाही. डूमचे पुढचे भाग आजही विकत मिळतात. आमच्या तरुणपणी गावोगाव संपूर्ण खेळाच्या चोरट्या सीड्या फिरत. घेणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नसे. पण जे दिलेले नाही ते घेऊ नये हे शील बौद्धांनी आणि जैनांनी सारखेच सांगितले आहे, आणि वस्तू हाताला लागत नाही म्हणून ते शिथिल होत नाही. विकत मिळते ते विकत घ्यावे. ज्याला पैसे टाकायचे नाहीत त्याच्यासाठी ‘फ्रीडूम’ नावाची, लोकांनी नव्याने रचलेली मोकळी सामग्री आहे.

अवघड प्रश्न पुढचा. जे खेळ मालक विकतही नाही आणि देऊनही टाकत नाही, त्यांचे काय? इथे मी लेखक म्हणून बोलतो. माझी पहिली कादंबरी आज दुकानात मिळत नाही. ज्यांच्याकडे तिचे हक्क आहेत ते छापतही नाहीत आणि सोडतही नाहीत. आपल्या कायद्याप्रमाणे ग्रंथावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. एखाद्या वाचकाने ग्रंथालयातल्या प्रतीची झेरॉक्स काढून ती वाचली, तर कायदा काय म्हणायचे ते म्हणो, मी त्याला चोर म्हणणार नाही. मालकी म्हणजे इतरांना अडवण्याचा अधिकार एवढेच आपण समजतो. माझ्या मते मालकीत वस्तू जिवंत ठेवण्याचे कर्तव्यही येते. विहिरीचा मालक पाणी मोजून देईल, हरकत नाही. पण गाळ काढत नाही आणि कोणाला काढूही देत नाही, अशाची मालकी गाव किती दिवस मानील?

दुरुस्ती आणि जपणूक यांच्यातली सीमारेषा कुठे ओढावी, याचा वस्तुपाठ आपल्याला आपल्याच मुलुखात मिळालेला आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला करणाऱ्यांच्या हातून तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. नाथ स्वतः समर्थ कवी होते. ज्ञानेश्वरांवर रंग चढवण्याचा मोह त्यांना झाला असता तर आपण कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी आपली कविता आपल्या ग्रंथांत लिहिली आणि ज्ञानेश्वरांची ज्ञानेश्वरांना परत केली. काळाने लावलेला गंज काढायचा, कर्त्याच्या हाताचा वळसा मात्र सरळ करायचा नाही, हा विवेक त्यात आहे. चॉकलेट डूमच्या परदेशी कर्त्यांनी नाथांचे नावही ऐकले नसेल, पण ते चालले आहेत याच वाटेने.

दिवाळीच्या अंकात खेळाचा विषय शोभतो. त्याला इतका गंभीर केला याबद्दल वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. या वर्षी चकल्या जमल्या असतील, तर ज्या हाताने भाजणी घातली त्या हाताकडून तिचे प्रमाण कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद कपाटात न ठेवता शेजारीही द्या. धने नेहमी थोडे जास्त भाजले जातात असे ती म्हणाली, तर तेही लिहा. ती चूक दुरुस्त करू नका. उद्या त्या घरच्या मुलांना चव ओळखू येईल ती कदाचित तेवढ्यावरूनच.